कॅबिनेट ठेवायचं की टाकायचं? आधी टेप हातात घे

अगं, दुकानदार म्हणाला ‘मदरबोर्ड बदलताच आहात तर कॅबिनेटही नवं घ्या ना ताई’ आणि तू गप्प राहिलीस, हे मला तुझ्या आवाजावरूनच कळलं. तुला ते मनापासून पटलेलं नाही. पत्रा चांगला आहे, दार नीट बसतं, बटण चालतं, मग टाकायचं कशासाठी, असंच वाटतंय ना? आणि दुसरीकडे धाकधूकही आहे, की जुन्या डब्यात नवं महागाचं सामान बसवलं आणि काही जळलं तर?

तुझी शंकाही बरोबर आहे आणि भीतीही. म्हणून आज जरा सविस्तर बोलू या. घाईत फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कॅबिनेट जुनं आहे म्हणून टाकू नकोस. ते टाकायचं की ठेवायचं हे त्याच्या वयावरून ठरत नाही. नवं सामान मापात बसतं का, आत हवा खेळते का आणि विजेच्या दृष्टीने ते सुरक्षित आहे का, या तीन गोष्टींवर ठरतं. आणि मुख्य म्हणजे एसएमपीएसला, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याला, कॅबिनेटचा भाग समजू नकोस. आपल्याकडे वर्षानुवर्षं ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ असं एकत्र विकलं गेलं, त्यामुळे ती दोन्ही एकच वस्तू असल्यासारखं आपल्या डोक्यात बसलंय. तशी ती नाहीत. पत्र्याचा डबा वीस वर्षं टिकू शकतो, त्यात बसवलेला वीजपुरवठा टिकत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवलीस तरी माझं आजचं बोलणं सार्थकी लागलं.

आता तुझ्या मशीनकडे येऊ. २०१३ साली घेतलेलं, तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, डीडीआर ३ रॅम. एवढी वर्षं त्याने इमानदारीने काम केलं. पण १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबली, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. शिवाय तू आता लग्नांचे व्हिडिओ एडिट करतेस. फोर-केचं फुटेज त्या मशीनवर ओढताना तुझा किती वेळ जातो, हे मी पाहिलंय. तेव्हा बदल हवाच. प्रोसेसर बदलला की सॉकेट बदलतो, सॉकेट बदलला की मदरबोर्ड बदलतो, आणि मदरबोर्ड बदलला की डीडीआर ३ रॅमही जाते. म्हणजे मोठा खर्च तिथे होणारच आहे. म्हणूनच जे वाचवता येईल ते शहाणपणाने वाचवायचं.

कॅबिनेट वाचवता येतं, कारण त्याची मापं ठरलेली आहेत. इंटेलने १९९५ साली एटीएक्स हे मानक आणलं आणि मदरबोर्डची लांबी-रुंदी, स्क्रूची भोकं, मागच्या कनेक्टरांची चौकट, एसएमपीएसचा आकार हे सगळं ठरवून दिलं. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ चा, आणि मिनी आयटीएक्स १७० बाय १७० चा. लहान बोर्डाची भोकं मोठ्या बोर्डाच्या भोकांशी जुळतील अशीच ठेवलेली आहेत. त्यामुळे २०१३ च्या साध्या असेंबल्ड कॅबिनेटमध्ये आजचा मायक्रो एटीएक्स बोर्ड निमूटपणे बसतो.

एक मोठा अपवाद मात्र नीट ऐक. मशीन लॅमिंग्टन रोडवरून किंवा तपकीर गल्लीतून सुटे भाग घेऊन जुळवलेलं असेल, तर हे खरं. पण ऑफिसातून निघालेलं ब्रँडेड डेस्कटॉप असेल, तर हिशेब वेगळा. त्या कंपन्या बरेचदा स्वतःच्या मापाचा बोर्ड, वेगळ्या आकाराचा एसएमपीएस आणि पुढच्या बटणासाठी स्वतःचाच कनेक्टर वापरतात. मागची चौकट डब्यातच ठोकून बसवलेली असते, काढता येत नाही. अशा डब्यात बाजारातला बोर्ड बसवायचा म्हणजे पत्रा कापणं आणि वायरी जोडणं आलं. नुसता एसएमपीएस बदलायचा म्हटलं तरी प्लग जुळत नाहीत. उभट, सडपातळ, टेबलावर आडवं ठेवता येणारं मशीन असेल तर त्यात साधारणपणे उंच ग्राफिक्स कार्डही बसत नाही. अशा डब्याचा मोह धरू नकोस. तो सोड. तुझा तसा नाही, म्हणून पुढचं सांगते.

आधी सगळ्या फाइलींचा बॅकअप घे, बाहेरच्या डिस्कवर. मग मशीन बंद कर, भिंतीतली पिन काढ आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धर, म्हणजे बोर्डवर उरलेली वीज निघून जाईल. मग बाजूचं पॅनल उघड. काहीही सोडवायच्या आधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढ, विशेषतः पुढच्या बटणापासून येणाऱ्या बारीक वायरींचे. आणि हो, जुन्या कॅबिनेटचा पत्रा पातळ असतो आणि त्याच्या कडा आतून न घासलेल्या. बोट सहज कापतं. हातमोजे घाल.

आता टेप घे. तीन मापं घ्यायची आहेत.

पहिलं, ग्राफिक्स कार्डसाठी. मागच्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूपासून पुढे सरळ जा, आणि पहिला अडथळा कुठे येतो ते बघ. जुन्या डब्यात तो अडथळा म्हणजे हार्डडिस्कचा पिंजरा. त्या काळी लोक तीन-चार हार्डडिस्क आणि दोन डीव्हीडी रायटर लावायचे, म्हणून पुढचा अर्धा भाग पिंजऱ्यांनीच भरलेला असे. आजची दोन पंख्यांची कार्डं साधारण २०० ते २५० मिलिमीटर लांब असतात, तीन पंख्यांची ३०० च्या आसपास जातात. तुला व्हिडिओसाठी आरटीएक्स ४०६० सारखं कार्ड पुरेल, आणि त्यात दोन पंख्यांचे आखूड प्रकार भरपूर मिळतात. आकडा कागदावर लिही आणि कार्ड त्यापेक्षा किमान दोन बोटं आखूड निवड, कारण कार्ड आत सरकवतानाही जागा लागते. कार्डाच्या पॉवरची वायरही बघ. ती कार्डाच्या कडेतून बाहेर येऊन बाजूच्या पॅनलकडे वळते. पॅनल लावल्यावर ती करकचून दुमडता कामा नये.

पिंजरा आडवा येत असेल तर तो स्क्रूने बसवलाय की रिव्हेटने, ते पाहा. स्क्रू असले तर प्रश्नच मिटला. रिव्हेट असले तर ड्रिलने काढता येतात, पण त्याआधी डबा पूर्ण रिकामा करायचा. लोखंडाचा एक बारीक कीस मदरबोर्डवर राहिला तरी शॉर्ट होऊ शकतो. ड्रिल झाल्यावर डबा उलटा करून झटक, चुंबक फिरव, ओल्या फडक्याने पूस, मगच पुढचं काम.

दुसरं माप, प्रोसेसरच्या कूलरचं. जुना कूलर काढलास की बाजूच्या पॅनलच्या कडेला एक पट्टी आडवी धर आणि तिथून खाली प्रोसेसरच्या माथ्यापर्यंत मोज. पातळ जुन्या कॅबिनेटची रुंदी १८० मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे १२० मिलिमीटर पंख्याचा उभा टॉवर कूलर, जो साधारण १५५ ते १६० उंच असतो, तो बहुधा बसत नाही. घाबरू नकोस. प्रोसेसरबरोबर डब्यात येणारा कूलर पन्नास मिलिमीटरच्या आसपासच असतो, आणि तुझ्या कामाला तो पुरेल. मात्र जुना कूलर नव्या बोर्डावर लावायचा विचार करू नकोस. तुझ्या सॉकेटची भोकं ७५ मिलिमीटर अंतरावर आहेत आणि नव्या एलजीए १७०० सॉकेटची ७८ वर. बघायला जवळजवळ सारखीच वाटतात, म्हणून माणूस जोर लावतो आणि बोर्ड वाकतो.

बाजूच्या पॅनलला आतून प्लास्टिकचं नळकांडं आहे का तेही बघ. त्या काळच्या बऱ्याच कॅबिनेटांत प्रोसेसरच्या समोर असं नळकांडं असे, बाहेरची थंड हवा थेट कूलरवर यावी म्हणून. नव्या बोर्डावर प्रोसेसरची जागा थोडी सरकलेली असेल किंवा कूलर उंच असेल, तर ते अडतं. चार स्क्रू काढले की निघतं. जाळी तशीच राहू दे, तिथून हवा यायला मदतच होते.

तिसरं माप म्हणजे खरं तर मोजणी आहे. पितळेचे छोटे षटकोनी खुंट असतात ना, ज्यांच्यावर बोर्ड टेकतो, स्टँडऑफ म्हणतात त्यांना. नवा बोर्ड आला की तो कॅबिनेटवर धरून बघ, त्याची भोकं कुठे येतात. भोकाखाली स्टँडऑफ हवा, आणि जिथे भोक नाही तिथला स्टँडऑफ काढून टाकायचा. हे मी दोनदा सांगते, कारण जुन्या डब्यात नवा बोर्ड लावताना सगळ्यात महागात पडणारी गोष्ट हीच आहे. उगाच राहिलेला खुंट बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकतो आणि पॉवर दिली की शॉर्ट होतं. स्वस्तातले बोर्ड अरुंदही असतात. त्यांची उजवी कड हवेत अधांतरी राहते. तिथेच चोवीस पिनांचा जाड प्लग खुपसायचा असतो. तो दाबताना दुसरा हात बोर्डाखाली धर.

बोर्डाबरोबर एक पत्र्याची चौकट मिळते, मागच्या कनेक्टरांसाठी. खोक्यातच ती राहून जाते आणि मग कचऱ्यात जाते. जुनी चौकट आतून ढकलून काढ आणि नवी बोर्ड बसवायच्या आधी चारी कोपऱ्यांत ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाब. ती लावली नाही तर मागे सहा इंचांचं भगदाड राहतं, त्यातून धूळ येते, झुरळं येतात, पालही शिरते. आपल्या हवेत हे उगाच घाबरवणं नाही.

मापात बसलं, आता हवेचं बघू. जुनी कॅबिनेटं सर्वाधिक नापास इथेच होतात. तुझ्या जुन्या आय-फाइव्हला फार तर ७७ वॅट लागायचे आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतंच. आता आय-फाइव्ह १२४०० घेतलास तर त्याचा पायाभूत आकडा ६५ वॅट दिसतो, पण जोर लावला की तो ११७ वॅटपर्यंत जातो. त्यावर आरटीएक्स ४०६० चे ११५ वॅट. व्हिडिओ एक्सपोर्ट होताना हे दोघं तास-दीड तास एकदम राबणार. म्हणजे त्याच डब्यात आता जवळजवळ तिप्पट उष्णता तयार होणार, आणि ती बाहेर काढायला मागे एक छोटा पंखा, पुढे गुळगुळीत बंद प्लास्टिक.

मागे पंख्याची जागा किती आहे ते बघ. भोकांमधलं अंतर १०५ मिलिमीटर असेल तर १२० चा पंखा बसतो, ७१.५ असेल तर ८० चा. पुढे आतल्या बाजूला बरेचदा पंख्याची जागा असते, पण पंखा लावलेलाच नसतो. तिथे एक लाव. पुढून हवा आत, मागून बाहेर. पंख्याच्या कडेवर बारीक बाण असतो, तो हवेची दिशा दाखवतो. पुढचं प्लास्टिकचं तोंड काढून बघ, खाली हाताचा पंजा जाईल एवढी फट आहे का. नसेल तर डीव्हीडी रायटरच्या जागेचे झाकणाचे तुकडे काढून तिथे जाळी लावता येते. आणि पुढे पंख्याला भोकच नसेल, पण बाकी डबा मनासारखा असेल, तर रिकामा पत्रा जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे ने. त्याला १२० चं गोल भोक पाडणं हे किरकोळ काम आहे.

हे पुरतंय की नाही, हे कुणाच्या मतावर सोडू नकोस, स्वतः तपास. मशीन जुळल्यावर एचडब्ल्यूइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम टाक. बाजूचं पॅनल लावून अर्धा तास एक्सपोर्ट चालव आणि प्रोसेसर, कार्ड दोघांचं तापमान लिहून ठेव. मग पॅनल उघडं ठेवून तेच पुन्हा कर. दोन-चार अंशांचा फरक असेल तर तुझा डबा उत्तम आहे. दहा-बारा अंश पडले, तर आत हवा कोंडते आहे. मग पंखा वाढव, नाहीतर कॅबिनेट बदल. आणि ही परीक्षा एप्रिल-मेमध्ये पुन्हा घे. खोलीचं तापमान जितकं चढतं, तितकंच जवळजवळ आतलंही चढतं. डिसेंबरात ठीक वाटलेलं मशीन नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात धापा टाकतं. पण म्हणून पॅनल कायमचं उघडं ठेवून काम भागवू नकोस. धूळ थेट आत जाते, आणि लहान मुलांच्या घरात फिरत्या पंख्याजवळ बोट जाणं ही खेळण्याची गोष्ट नाही.

आता एसएमपीएस. इथे मी हट्टी आहे, आणि तूही हट्टी हो. जुना एसएमपीएस चालू आहे म्हणून ठेवणं म्हणजे घरातलं जुनं वायरिंग तसंच ठेवून नवा एसी लावणं. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतात. दर दहा अंश जास्त तापमानाला त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे. जुन्या डब्यांत एसएमपीएस वर बसवलेला असतो आणि प्रोसेसरची गरम हवा तोच ओढून घेतो. म्हणजे तुझ्या एसएमपीएसने इतकी वर्षं गरम हवाच खाल्ली आहे.

त्याच्या अंगावरचं स्टिकर वाच. मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलं असेल, ते विसर. बारा व्होल्टचा रकाना शोध. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल, तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज बारा व्होल्टच्या रेषेवरूनच घेतात. म्हणजे तुझ्या कामाचा तो एसएमपीएस ४५० चा नाहीच, २१६ चा आहे. जुने एसएमपीएस पाच आणि ३.३ व्होल्टवर जास्त भर देऊन केलेले असत, आणि ती वीज आता कुणाला फारशी लागत नाही. शिवाय नव्या बोर्डाला प्रोसेसरसाठी आठ पिनांचा प्लग लागतो, जुन्यात चारच पिना असतात. कार्डासाठीचा आठ पिनांचा प्लग तर नसतोच. बाजारात जोडवायरी मिळतात, चारची आठ करणाऱ्या, हार्डडिस्कच्या प्लगवरून कार्डाला वीज देणाऱ्या. त्या घेऊ नकोस. पातळ वायर तापते, प्लग वितळतो.

आरटीएक्स ४०६० साठी एनव्हिडियाच ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. तेवढा घे, नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटी असलेला. ‘८० प्लस ब्राँझ’चं चिन्ह असलं तर वीज कमी वाया जाते, पण एकट्या चिन्हावर भरवसा ठेवू नकोस. स्टिकरवरचा बारा व्होल्टचा आकडा दुकानातच वाच. सुदैवाने एटीएक्स एसएमपीएसचं तोंडही ठरलेल्या मापाचं, १५० बाय ८६ मिलिमीटरचं असतं, त्यामुळे नवा तुझ्या जुन्या डब्यात बसेल. लांबी मात्र कमी-जास्त असते, वर डीव्हीडी रायटरला थडकत नाही ना, ते मोज. आणि जुना एसएमपीएस कधीही स्वतः उघडू नकोस. आपल्या २३० व्होल्टच्या विजेचा आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत साठा होतो, आणि पिन काढल्यावरही तो काही वेळ तसाच राहतो.

विजेवरून आठवलं. तू मागे म्हणाली होतीस, कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. ते कॅबिनेटचं दुखणं नाही, अर्थिंगचं आहे. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते अगदी थोडी वीज पत्र्याकडे सोडतात आणि अर्थिंगच्या वायरने ती जमिनीत जायला हवी. तिसऱ्या पिनेमागे अर्थिंगच नसेल, तर ती पत्र्यावरच राहते आणि हाताला जाणवते. नवं कॅबिनेट आणलंस तरी मुंग्या येतच राहतील. इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घे, आणि नवं सामान त्यानंतरच लाव. अर्थिंग नसलेल्या पत्र्याला यूएसबी आणि एचडीएमआयच्या केबली जोडताना पोर्ट बिघडू शकतात. एवढ्या पैशांचं कार्ड त्यावर पणाला लावू नये.

पुढच्या बटणाच्या वायरी बघून गांगरू नकोस. त्यांच्या प्लगवर नावं असतात. पॉवर आणि रीसेटच्या वायरी उलट्या लागल्या तरी चालतात, दिव्यांच्या उलट्या लागल्या तर फक्त दिवा लागत नाही. जुन्या पॉवर दिव्याचा प्लग कधीकधी तीन भोकांचा असतो, मधलं रिकामं, आणि नव्या बोर्डावर दोनच पिना शेजारी असतात. सुईच्या टोकाने प्लास्टिकची जीभ हलकेच उचललीस की आतली पिन बाहेर येते, ती मधल्या भोकात सरकव. पॉवरचं बटणच अडकत असेल, तर त्याच्यासाठी डबा फेकू नकोस. रीसेटची वायर पॉवरच्या पिनांवर लाव, मग रीसेटचं बटणच मशीन सुरू करतं.

पुढचे यूएसबी पोर्ट मात्र जुनेच राहतील. २.० चा वेग सेकंदाला फार तर ४८० मेगाबिट, आणि तू कॅमेऱ्याच्या कार्डावरून कितीतरी जीबी फुटेज उतरवतेस. त्यासाठी मागचे ३.० चे पोर्ट वापर, किंवा डीव्हीडी रायटरच्या रिकाम्या जागेत बसणारं यूएसबी ३.० चं पॅनल घे. त्याचा जाड प्लग बोर्डात लावताना सरळ धर, त्या पिना पटकन वाकतात. हेडफोनच्या पुढच्या जॅकला दोन प्लग असतील, एकावर एसी ९७ आणि दुसऱ्यावर एचडी ऑडिओ. एचडी ऑडिओ लाव. एसएसडीसाठी जागा शोधत बसू नकोस. एम.२ ची पट्टी थेट बोर्डावरच बसते.

स्वच्छतेचं थोडक्यात. बाजूची पॅनलं आणि पुढचं प्लास्टिक साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळव. आतला पत्रा रंगाच्या कोरड्या ब्रशने झाड. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव, नाहीतर ती वेड्यासारखी फिरतात आणि बेअरिंग बिघडतं. पावसाळ्याने तळाला गंज आला असेल तर पॉलिश पेपरने घासून हलका रंग मार. पण स्टँडऑफची टोकं आणि एसएमपीएस जिथे टेकतो ती जागा रंगवू नकोस. तिथे धातूला धातू भिडायला हवा. गंजाने पत्रा आरपार खाल्ला असेल, स्टँडऑफचे आटे गेले असतील, डबा हलवला की वाकत असेल, तर मात्र हट्ट सोड. साधं नवं कॅबिनेट दोनेक हजारांत येतं, आणि पुढे जाळी असलेलं त्याहून थोडं महाग. मापात किंवा हवेत डबा नापास झाला असेल, तर नवं घेण्यात काही चुकीचं नाही. जपायचं म्हणून कामाला अडथळा करून घेणं हीही उधळपट्टीच.

मग जुन्याचं काय करायचं? पत्र्याचा रिकामा डबा भंगारवाल्याला दिला तरी त्याचं पोलाद वितळून पुन्हा वापरात येतं. मदरबोर्ड, रॅम, जुना एसएमपीएस मात्र तिथे देऊ नकोस. तांबं आणि सोनं काढण्यासाठी असले बोर्ड उघड्यावर जाळले जातात, आम्लात बुडवले जातात, आणि तो धूर कुणाच्या तरी लहान मुलांच्या छातीत जातो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांकडे हे सामान देता येतं. तुझ्या गावात संकलन कुठे होतं ते शोध, नसेल तर पिशवीत ठेव आणि पुण्याला येशील तेव्हा घेऊन ये. चालू स्थितीतला जुना बोर्ड आणि प्रोसेसर लिनक्स टाकून एखाद्या शाळेला देता आला, तर त्याहून चांगलं काहीच नाही.

एक शेवटचं, आणि हे मला फार मनापासून वाटतं. दुकानात तू बोलायला लागलीस की समोरचा तुझ्याशेजारी उभ्या असलेल्या भावाकडे बघून उत्तर देतो, हे मी पाहिलंय. त्यामुळे तू प्रश्न विचारायचं सोडून दिलंस. सोडू नकोस. या डब्यात असं काहीही नाही, जे तुला कळणार नाही. व्हिडिओचे तीन-तीन ट्रॅक जुळवणारी तू, तुला नऊ स्क्रू आणि दोन प्लग जड नाहीत. आणि जिने स्वतः पॅनल उघडून मोजलंय, तिला दुकानदार दोन गोष्टी उगाच विकू शकत नाही.

तेव्हा रविवारी मशीन उघड. कार्डाची लांबी, कूलरची उंची, पंख्याच्या भोकांमधलं अंतर, एसएमपीएसच्या स्टिकरवरचा बारा व्होल्टचा आकडा, एवढं एका कागदावर लिही आणि फोटो मला पाठव. सोमवारी रात्री फोनवर बसून आपण यादी करू, आणि कॅबिनेटचे वाचलेले पैसे सरळ एसएमपीएसमध्ये आणि एका चांगल्या पंख्यात घालू. दुकानात त्यानंतरच जा, आणि कागद हातात घेऊन जा.